जाहिरातीतला हशा आणि पडद्यावरचा नत्था

चित्रपट आणि त्याची जाहिरात यांत अंतर असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. टांग्याला रंगीत फलक बांधून, पुढे ताशे वाजवीत गावातून चित्रपटाची दवंडी पिटली जात असे, त्या काळापासून प्रेक्षक हे अंतर मनाशी गृहीत धरत आला आहे. फलकावर दिसणारी नर्तिका पडद्यावर दोन मिनिटांपुरतीच येते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते आणि त्याबद्दल त्याची फारशी तक्रारही नसते. परंतु कधी कधी हे अंतर असे पडते की जाहिरातीने एका प्रश्नाकडे बोट दाखवावे आणि चित्रपटाने अगदी उलट दिशेच्या प्रश्नाकडे. मग तिकीट काढलेल्या माणसाची फसगत झाली काय, हा प्रश्न दुय्यम ठरतो आणि आपण नक्की काय पाहून हसलो, हा प्रश्न उरतो. १३ ऑगस्ट २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या ‘पीपली लाइव्ह’ या हिंदी चित्रपटाच्या बाबतीत असे घडले. एका राजकीय प्रहसनाचे हे उदाहरण येथे जरा तपशिलाने पाहावयाचे आहे.

हेच उदाहरण घेण्यास स्थानिक कारणही आहे. हा चित्रपट आपल्या भोपाळजवळच्या बडवई या खेड्यात चित्रित झाला. त्यातील अनेक नट हबीब तनवीर यांच्या ‘नया थिएटर’मधून आलेले, म्हणजे भोपाळच्या नाट्यरसिकांच्या ओळखीचे. नत्थाचे काम करणारे ओंकारदास माणिकपुरी हे मूळचे छत्तीसगडच्या भिलाईकडचे. बुधियाचे काम करणारे रघुवीर यादव जबलपूरचे. दिग्दर्शिका अनुषा रिझवी यांचा हा पहिला चित्रपट. त्याआधी त्यांनी दूरचित्रवाणीच्या वृत्तवाहिनीत काम केले होते. सहदिग्दर्शक महमूद फारूकी, निर्माता आमिर खान यांची संस्था. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात तो दाखविला गेला आणि पुढे त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताकडून पाठविला गेला. एवढी माहिती पुरे. आता कथेकडे वळू.

‘मुख्य प्रदेश’ नावाच्या काल्पनिक राज्यात पीपली नावाचे गाव आहे. तेथील नत्था आणि बुधिया या दोघा भावांनी बँकेचे कर्ज फेडलेले नाही आणि त्यांच्या जमिनीचा लिलाव व्हायचा आहे. मदतीसाठी ते गावच्या पुढाऱ्याकडे, भाई ठाकूरकडे जातात. तो थट्टेने म्हणतो की जिवंत शेतकऱ्यासाठी सरकारकडे काही नाही, पण आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. थट्टा तेथेच संपायची, पण भाऊ ती घेऊन घरी येतात. मरावयाचे कोणी, यावर दोघांचे जे बोलणे होते ते या चित्रपटातले सर्वांत विनोदी आणि सर्वांत भयंकर संभाषण आहे. “मी जातो”, “नको, मी जातो” असा थोरल्या-धाकट्याचा संवाद आपण रामायणापासून ऐकत आलो. येथे त्याचे रूप असे झाले आहे की अखेरीस धाकटा नत्था मरणार आणि थोरला बुधिया सुटकेचा श्वास टाकणार. स्थानिक वृत्तपत्राचा राकेश नावाचा वार्ताहर हे चहाच्या टपरीवर ऐकतो आणि छापतो. मतदारसंघात पोटनिवडणूक तोंडावर आलेली असते. मग दिल्लीहून वाहिन्यांच्या गाड्या येतात, पुढारी येतात, अधिकारी येतात. कोणी नत्थाला रंगीत दूरचित्रवाणी संच देतो. सरकारी योजनेतून ‘लालबहादूर’ नावाचा हातपंप मिळतो आणि तो अंगणात तसाच पडून राहतो. राज्य केंद्राकडे बोट दाखविते, केंद्र राज्याकडे, आणि कृषी खात्याचे सचिव शांतपणे न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहतात.

येथवर प्रहसन आहे आणि ते उत्तम आहे. नत्था शौचास गेलेल्या जागेचे एक वार्ताहर कॅमेऱ्यापुढे विश्लेषण करतो, तेव्हा प्रेक्षागृहात जो हशा होतो तो रास्तच आहे. पण याच गावात होरी महतो नावाचा एक म्हातारा आहे. प्रेमचंदांच्या १९३६ च्या ‘गोदान’मधील होरीचे नाव त्याला मुद्दाम दिलेले आहे. जमीन गेलेला हा माणूस रोज उठून एका खड्ड्यातली माती खणतो, ती विकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खणतो. तो बोलत नाही. त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही, म्हणजे वाहिन्यांचा वळत नाही, चित्रपटाचा वळतो. एके दिवशी तो त्याच खड्ड्यात मरून पडलेला आढळतो. राकेश दिल्लीच्या वार्ताहर बाईंना विचारतो की हाही शेतकरीच मेला, मग याची बातमी का नाही? बाईंचे उत्तर व्यवसायाच्या दृष्टीने बिनचूक आहे: लोकांना नत्था हवा आहे.

शेवट तर ठाऊकच असेल. नत्थाला पळवून एका कोठारात ठेवले जाते, गोंधळात आग लागते, एक मृतदेह सापडतो. तो राकेशचा असतो, पण नत्थाचा समजला जातो. वाहिन्या आपला पसारा आवरून निघून जातात. आणि कुटुंबाला ती एक लाखाची रक्कमही मिळत नाही, कारण मृत्यू अपघाती ठरतो, आत्महत्या नव्हे! शेवटच्या दृश्यात नत्था एका महानगरात इमारतीच्या बांधकामावर मजुरी करताना दिसतो. अंगावर, तोंडावर धूळ. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत ऐंशी लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली, अशा अर्थाची पाटी येते आणि दिवे लागतात.

आता जाहिरात पाहू. निर्मितीसंस्थेच्या नावामागे ‘लगान’, ‘तारे जमीं पर’ हे चित्रपट उभे होते. ‘लगान’मध्येही खेडे होते, कर होता, दुष्काळ होता, पण शेवटी सामना जिंकला जातो आणि पाऊस पडतो. जाहिरातीच्या तुकड्यांमध्ये पळणाऱ्या गाड्या, धापा टाकणारे वार्ताहर, गोंधळलेला नत्था, शिव्या देणारी म्हातारी आई अशी चित्रे एकामागून एक झपाट्याने येत. खरे तर हा चित्रपट झपाट्याचा नाही. त्यात लांब, गप्प दृश्ये आहेत, विशेषतः होरीची. आणि माझ्या आठवणीत राहिलेल्या जाहिरातींत होरी नव्हता. हे पहिले अंतर. जाहिरातीचे तुकडे कापणाऱ्याचे काम हशाची आणि टाळीची जागा शोधणे हे असते. खड्ड्यात वाकलेल्या म्हाताऱ्यावर टाळी मिळत नाही, म्हणून तो गळतो. यात कोणाचा दुष्टावा नाही. त्या वर्षांत चित्रपटाचे भवितव्य मल्टिप्लेक्समधल्या पहिल्या तीन दिवसांवर ठरू लागले होते, आणि त्या तीन दिवसांत “शेतकऱ्याच्या मरणाचा चित्रपट आहे, या” असे सांगून शहरातला माणूस शुक्रवारी संध्याकाळी येणार नव्हता, हे निर्मात्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरे अंतर मात्र अधिक खोल आहे आणि त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही, असे मला वाटते. चित्रपट येण्यापूर्वी घराघरांत पोहोचले ते त्यातले महागाईला डाकीण म्हणणारे गाणे. रघुवीर यादव आणि बडवई गावची भजनमंडळी ढोलक-पेटीवर ते गातात. (या मंडळीच्या मानधनावरून पुढे कुरबूर झाली आणि निर्मात्यांना ते वाढवून द्यावे लागले, गाण्याचे मोल आणि गाणाऱ्याचे मोल यांतली तफावत हाही एक वेगळा विषय होईल.) गाणे ज्या मुहूर्तावर आले तो विलक्षण होता. जून २०१० च्या अखेरीस केंद्र सरकारने पेट्रोलच्या किमतीवरचे नियंत्रण उठविले, ५ जुलैला विरोधी पक्षांनी देशव्यापी बंद पुकारला, धान्य आणि डाळींचे भाव वर्षभर चढतच होते. गाणे मोर्च्यांच्या तोंडी गेले. नोकरदाराला, गृहिणीला, पेन्शनरला ते आपले गाणे वाटले. म्हणजे जाहिरातीने देशाला सांगितले की हा महागाईवरचा चित्रपट आहे.

आणि चित्रपट महागाईवरचा नाहीच. नत्था मरायला निघतो तो वस्तू महाग आहेत एवढ्यामुळे नव्हे. शेतीत घातलेले परत येत नाही, कर्ज फिटत नाही आणि जमीन जाते, म्हणून तो मरायला निघतो. हे दोन दुःखांचे दोन स्वतंत्र पक्ष आहेत. बाजारात डाळ साठ रुपयांची शंभर झाली म्हणून ओरडणारा ग्राहक आणि शेतात पिकलेले मातीमोल गेले म्हणून गप्प बसणारा उत्पादक, हे पुष्कळदा एकमेकांच्या समोर उभे असतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण हा धडा त्याला शरद जोशी यांनी १९८० साली चाकण आणि नाशिकच्या कांदा-ऊस आंदोलनांतून दिलेला आहे. शेतमालाला रास्त भाव हे त्यांचे एककलमी मागणे होते, आणि शहरांत स्वस्त कांदा मिळावा म्हणून सरकार भाव पाडते, हा त्यांचा आरोप. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही त्यांनी केलेली विभागणी कोणाला पटो न पटो, पण ‘पीपली लाइव्ह’ची जाहिरात ‘इंडिया’च्या गाण्यावर चालली आणि चित्रपट ‘भारता’चा निघाला, असे म्हणण्यास ती फार उपयोगी आहे. न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की गाण्यात जाता जाता सोयाबीनच्या दुर्दशेचाही उल्लेख येतो, आणि माळव्यातल्या माणसाला तो कानात अडकल्यावाचून राहात नाही. परंतु मोर्च्यात गाणाऱ्यांचा जोर पेट्रोल आणि साखरेवर होता.

आता कोणी म्हणेल की सरकार, वाहिन्या, पुढारी यांची ही थट्टा अतिशयोक्त आहे. मरणार म्हणणाऱ्या माणसाभोवती जत्रा भरेल काय? भोपाळकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. येथून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या बैतूल जिल्ह्यात सेहोरा नावाचे गाव आहे. तेथील कुंजीलाल या वृद्ध ज्योतिष्याने २० ऑक्टोबर २००५ रोजी आपण मरणार, असे भाकीत केले. वाहिन्यांच्या गाड्या गावात ठाकल्या, गर्दी लोटली, मृत्यूची घटका प्रक्षेपित झाली आणि कुंजीलाल जिवंत राहिले. पुढच्या वर्षी, जुलै २००६ मध्ये, हरियानातील कुरुक्षेत्राजवळ प्रिन्स नावाचे पाच वर्षांचे मूल कूपनलिकेत पडले आणि त्याची सुटका होईपर्यंत दोन दिवस देशभर दुसरी बातमी नव्हती. चित्रपटाची कथा यावरून सुचली असे मला म्हणावयाचे नाही. पण पीपलीची जत्रा अशा जत्रांच्या मानाने मुळीच फुगविलेली नाही.

याच बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे १२ जानेवारी १९९८ रोजी, सोयाबीनचे पीक बुडाल्याबद्दल भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. तेथे प्रक्षेपणाच्या गाड्या आधीपासून उभ्या नव्हत्या. सेहोरा आणि मुलताई या दोन नावांमध्ये नत्था आणि होरी यांची अख्खी गोष्ट आहे.

विदर्भाकडे पाहिले तर अतिशयोक्ती वेगळ्याच प्रकारची दिसते. २००६ साली मुंबईत फॅशनच्या एका आठवड्यासाठी पाचशेहून अधिक पत्रकार जमले होते आणि त्याच काळात विदर्भातील आत्महत्यांचे वार्तांकन करण्यासाठी बाहेरून आलेले राष्ट्रीय पातळीवरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे पी. साईनाथ यांनी लिहून ठेवले आहे. फॅशनच्या त्या सोहळ्यात सुती कपड्यांना मान होता, आणि कापूस पिकविणारा शेजारीच मरत होता. म्हणजे चित्रपटाने ज्या गर्दीची थट्टा केली ती गर्दी खऱ्या नत्थांच्या दारी बहुधा आलीच नाही. हा या प्रहसनातला एक खरा दोष मानावा लागेल. वाहिन्यांचा गोंगाट हा त्याला इतका आवडला आहे की तो वाहिन्यांचे मौन पुरेसे दाखवू शकत नाही. ते सगळे ओझे एकट्या होरीवर टाकले गेले आहे.

विदर्भातून झालेला विरोध या संदर्भात वाचला पाहिजे. चित्रपट येताच विदर्भ जनआंदोलन समितीने त्यावर आक्षेप घेतला: शेतकरी सरकारी रकमेसाठी जीव देतो असे यात दाखविले आहे आणि ही शोकग्रस्त कुटुंबांची विटंबना आहे. हा आक्षेप ‘कलाकृती समजली नाही’ म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवन संपविले, तेव्हा सरकारी मदतीची कोणतीही अशी योजना नव्हती. शेतकरी म्हणून जगणे अशक्य झाले आहे, एवढेच त्यांनी मागे लिहून ठेवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांची नोंद त्या घटनेपासून केली जाते आणि अलीकडे अनेक गावांत त्या दिवशी उपवास केला जातो. ज्या समाजाला ही तारीख ठाऊक आहे त्याला “एक लाखासाठी मर” हा विनोद जाहिरातीच्या तुकड्यात, मागचापुढचा संदर्भ तोडून ऐकविला, तर तो टोचणारच. चित्रपटात ते वाक्य एका निर्ढावलेल्या पुढाऱ्याच्या तोंडी आहे आणि दोष त्याच्यावर जातो. जाहिरातीत ते वाक्य चित्रपटाचा विषय होऊन बसते. विदर्भात जे रागावले त्यांच्या रागाला निदान काही अंशी चित्रपटापेक्षा जाहिरात जबाबदार होती, असे माझे मत आहे.

विनोदाचा तपशील मात्र किती खरा होता, हे महाराष्ट्रातल्या तहसील कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगता येईल. तेथे आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणारी मदत एक लाखाचीच होती. तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. ती मिळण्यासाठी मृत्यू ‘पात्र’ ठरावा लागे. सातबाऱ्यावर नाव हवे, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे, वसुलीचा तगादा हवा. जमीन बापाच्या नावावर असली, शेत बटाईने केलेले असले, कर्ज गावातल्या बिनपरवाना सावकाराचे असले, तर त्या काळच्या निकषांनी मृत्यू ‘अपात्र’ ठरण्याचा धोका असे. पुढे निकषांत दुरुस्त्या झाल्या, पण ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द विदर्भ-मराठवाड्यातील घराघरांत कायमचे जाऊन बसले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, २००८ च्या अर्थसंकल्पात देशभरची कर्जमाफी आली. तरी दारात आलेल्या तलाठ्याचा पहिला प्रश्न मृत्यू कोणत्या रकान्यात बसतो, हाच राहिला. नत्थाच्या कुटुंबाला ‘अपघात’ या एका शब्दाने रक्कम नाकारली जाते, ते दृश्य काही क्षणांचे आहे. हसू येण्यापूर्वीच ते संपते. माझ्या दृष्टीने चित्रपटाचा कणा तेथे आहे.

आणि भोपाळला तर हे अधिकच जवळून कळावे. ‘मुआवजा’ हा शब्द या शहरात किती चुलींजवळ उच्चारला गेला असेल! २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडले, त्यानंतर फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि मग दाव्यांची छाननी सुरू झाली. इजा कायमची की तात्पुरती, कागद आहे की नाही, त्या रात्री कोठे राहात होता याचा पुरावा काय. बहुसंख्य दावेदारांच्या हाती प्रथम पंचवीस हजार रुपये आले, आणि २००४ नंतर तेवढेच आणखी. ७ जून २०१० रोजी येथील न्यायालयाने सात आरोपींना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा देशभरचे कॅमेरे भोपाळच्या रस्त्यांवर उतरले, पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा एकदा. काही आठवड्यांनी ते गेले. ‘पीपली लाइव्ह’ त्यानंतर दोनच महिन्यांनी लागला. येथल्या प्रेक्षकांना चित्रपटातल्या त्या गाड्यांचे जाणे पाहून काय वाटले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. वाढीव भरपाईचा अर्ज पुढे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, हे येथे नुसते नमूद करतो.

एक गोष्ट मात्र जाहिरात करणाऱ्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांनी सांगितले ते खोटे नव्हते. चित्रपट विनोदी आहेच. तो विनोद कोठून आला हे त्यांना ठाऊक नव्हते, किंवा सांगावेसे वाटले नाही. तो आला ‘नाचा’मधून. छत्तीसगडचा नाचा आणि आपला तमाशा ही भावंडे आहेत. वगात राजा मूर्ख असतो, कोतवाल लाचखाऊ असतो, आणि सोंगाड्या प्रेक्षकांकडे पाहून जे बोलतो ते राजाला ऐकू येत नाही, अशी सोय असते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने हीच सोय १९६५ पासून मराठी रंगभूमीवर किती खुबीने वापरली, हे सांगावयास नको. परंतु हबीब तनवीरांनी नाचाच्या नटांना घेऊन १९७५ साली ‘चरणदास चोर’ उभे केले, तेव्हा त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथेवर आधारलेले हे नाटक. कधी खोटे बोलणार नाही अशी शपथ घेतलेल्या चोराची ती गोष्ट. दोन तास प्रेक्षक पोट धरून हसतो. आणि शेवटी सत्य सोडत नाही म्हणून चोराला मारले जाते. कोणताही इशारा नाही, सूर बदललेला नाही, तीच ढोलक, तेच नट. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला. हसत हसत माणसाला मृत्यूच्या दाराशी नेऊन सोडण्याची ही रीत ज्यांनी पाहिली होती त्यांना ‘पीपली लाइव्ह’चा शेवट अनपेक्षित वाटला नसेल. जाहिरातीवरून आलेल्याला मात्र वाटले असणार की विनोदी चित्रपट उत्तरार्धात ‘घसरला’. तो घसरला नव्हता. तो आधीपासून तिकडेच चालला होता.

मराठीत याच सुमारास याच विषयावर आलेल्या सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटाशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपलाही नवरा तेच करील या धास्तीने अलका नावाची बायको त्याच्यावर पाळत ठेवते, त्याच्या मागे मुलाला पाठविते, कर्ज काढून गोडधोड करते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांची कामे आहेत. विनोद येथेही आहे, काळाच आहे, पण तो घराच्या चार भिंतींत आहे. त्याला दिल्लीची गरज पडत नाही. नावातच वैदर्भी शिवी असल्याने प्रेक्षकांची दिशाभूल होण्याचा प्रश्न उद्भवला नाही. मात्र हेही खरे की ‘पीपली’ जेवढ्यांनी पाहिला त्याचा लहानसा अंशच ‘गाभ्रीचा पाऊस’पर्यंत पोहोचला. प्रामाणिक जाहिरातीची किंमत ही अशी असते, आणि म्हणून निर्मात्यांना सरसकट दोष देण्यास मी धजत नाही. गाण्याच्या आमिषाने का होईना, होरी महतोचा खड्डा लाखो लोकांनी पाहिला.

तरीही एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. वाहिन्यांनी पीपलीत जे केले, म्हणजे गाव बाजूला सारले, शेती बाजूला सारली, होरीला ओलांडले आणि खपेल तेवढा नत्था उचलला, तेच जाहिरातीने ‘पीपली लाइव्ह’चे केले. दिल्लीच्या वार्ताहर बाई आणि जाहिरातीचे तुकडे कापणारा कारागीर यांच्यापुढे एकच प्रश्न होता आणि दोघांनी एकच उत्तर दिले. चित्रपट ज्याला हसत होता, त्याच्याच खांद्यावर बसून तो प्रेक्षकांपर्यंत आला. रिझवी यांना वृत्तवाहिनीचा अनुभव असल्यामुळे हे त्यांच्या ध्यानात आले नसेल, असे मानणे कठीण आहे.

चित्रपटात आणखी एक गाणे आहे. ‘चोला माटी के राम’ हे छत्तीसगडी गाणे हबीब तनवीरांच्या ‘बहादुर कलारिन’ या नाटकातले. चित्रपटासाठी ते त्यांच्या कन्या नगीन तनवीर यांनी गायिले. देह मातीचा आहे, त्याचा भरवसा काय, अशा आशयाचे. होरी मातीत खणतो, नत्था धुळीत बसतो, आणि हे गाणे त्या दोघांना जोडते. हबीबसाहेब ८ जून २००९ रोजी भोपाळमध्ये वारले. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ते नव्हते. त्या पावसाळ्यात मात्र महागाईचेच गाणे सगळीकडे वाजत होते.